खोट्या ओरखड्यांचे खरेपण

नक्कल हा शब्द मराठीत मानाने उच्चारला जात नाही. परीक्षेत नक्कल म्हणजे अपराध, जत्रेत नक्कल म्हणजे करमणूक आणि वाङ्मयात नक्कल म्हणजे एखाद्या लेखकाला खाली बसवण्याचा हमखास उपाय. 'अनुकृती' असे भारदस्त नाव दिले तरी समीक्षकाच्या कपाळावरची आठी जात नाही. सीमाभागात राहणाऱ्या मराठी माणसाला या शब्दाची धार जरा अधिकच जाणवते. त्याचे बोलणे ऐकून 'हे अस्सल नव्हे' अशा अर्थाचे हसू कधी ना कधी त्याच्या वाट्याला आलेले असते. म्हणूनच ज्या छंदात नक्कल हाच उघड हेतू आहे, ज्यात नकलेची लाज तर नाहीच, उलट तिच्यासाठी रात्री जागवल्या जातात, त्या एका छंदाकडे समीक्षेच्या नजरेने पाहावे असे वाटले. हा छंद आहे चित्रपटातील पात्रांच्या शिरस्त्राणांच्या प्रतिकृती रंगवण्याचा.

त्याचे माहेर अमेरिका आणि इंग्लंड. १९७७ साली जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' हा चित्रपट आला. काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर आणि पांढऱ्या चिलखतातले त्याचे बिनचेहऱ्याचे सैनिक यांनी तिकडच्या मुलांना वेड लावले. त्याच वर्षी डॉन पोस्ट स्टुडिओज या मुखवटे बनवणाऱ्या कंपनीने त्यांची शिरस्त्राणे बाजारात आणली. ती पाहताना मुलांना आनंद झाला आणि त्यातल्या काहींना एक खटकाही लागला, की हे पडद्यावरच्यासारखे नाही. त्या खटक्यातूनच हा छंद वाढला. मुले मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, आणि बाजारातल्या वस्तूवर समाधान न मानता घराच्या तळघरात नाहीतर मोटारीच्या गॅरेजमध्ये स्वतःच शिरस्त्राणे रंगवू लागली.

कामाची रीत साधारण अशी. पोकळ शिरस्त्राण तयार मिळते. ते कधी तापवून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर हवेने ओढून घेतलेले असते, कधी फायबरग्लासचे, कधी रेझिनचे, आणि अलीकडे संगणकाच्या आज्ञेवरून थरावर थर चढवत 'छापलेले'. त्यावरच्या खाचा लांबी भरून बुजवायच्या, पॉलिश पेपरने घासायचे, अस्तराचा हात द्यायचा, पुन्हा घासायचे, आणि मग रंग. घरी कपाट रंगवलेल्या कुणालाही इथपर्यंत नवे काही वाटणार नाही. नवे आहे ते यापुढे. आपला रंगारी शेवटचा हात देऊन, वाळू देऊन, निगुतीने दार लावून घेतो. हा रंगारी मात्र गुळगुळीत झालेल्या कामावर ओरखडे, टवके, काजळी, धूळ आणि गंज रंगवायला बसतो. त्याची खरी कला सुरू होते ती कपाट बिघडवण्यापासून.

हे असे का, हे समजण्यासाठी त्या चित्रपटाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. त्याआधीच्या अनेक अंतराळपटांत भविष्यकाळ धुतल्या तांदळासारखा होता. स्टॅन्ले कुब्रिक यांच्या १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मधल्या यानाच्या भिंती आठवाव्यात. लुकास यांना हवे होते वापरलेले विश्व. त्यांची याने तेलकट, यंत्रमानव पोचे पडलेले, कपडे मळलेले. प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, पण डोळा ओळखतो, की ही माणसे चित्रीकरणाच्या आधीही कुठेतरी जगत होती. वस्तूवरची झीज ही तिच्या पूर्वायुष्याची साक्ष असते.

या झिजेचा सर्वोत्तम नमुना म्हणजे बोबा फेट या भाडोत्री शिकाऱ्याचे शिरस्त्राण. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये हे पात्र फार थोडा वेळ दिसते आणि मोजकी वाक्ये बोलते. जेरेमी बुलक या इंग्रज नटाने ते उभे केले. त्यांचा चेहरा मात्र त्या वेषात कधीच दिसला नाही. तरीही हे पात्र प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिले. त्याचे श्रेय बव्हंशी त्या वेषालाच द्यावे लागेल. रॅल्फ मॅक्वारी आणि जो जॉन्स्टन यांनी त्याची कल्पना रेखाटली. आरंभी तो वेष संपूर्ण पांढरा होता. नंतर जॉन्स्टन यांनी तो रंगवला. २४ सप्टेंबर १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन अन्सेल्मो या गावच्या मिरवणुकीत तो लोकांसमोर आला, म्हणजे चित्रपट येण्याच्या दीड वर्ष आधी. मळकट हिरवे डोके, डोळ्यांच्या काळ्या पट्टीभोवती विटकरी लाल, कपाळावर एक पोचा, पिवळसर लहान रेघांची एक रांग, आणि जागोजागी उडालेल्या रंगाखालून डोकावणारा चंदेरी धातू. वास्तविक तिथे धातू नाहीच. धातूही रंगवलेलाच आहे.

हौशी रंगारी याची नक्कल करतो तेव्हा तो रंग उलट्या क्रमाने लावतो. ज्या क्रमाने वस्तू झिजली, त्याच्या नेमक्या उलट. सर्वांत आधी चंदेरी. जिथे टवका उडालेला दाखवायचा तिथे लेटेक्सचा पातळ द्रव नाहीतर चक्क पावाला लावायची मोहरीची पिवळी चटणी ब्रशच्या टोकाने ठेवायची. त्यावर फिकट हिरवा. पुन्हा चटणीचे ठिपके, आधीच्यापेक्षा थोडे मोठे. त्यावर गडद हिरवा. सगळे वाळले की ओल्या फडक्याने चटणी पुसून काढायची. तिच्याबरोबर वरचा रंगही निघतो आणि खालचे थर पायरीपायरीने उघडे पडतात. ब्रशने काढलेल्या ओरखड्यापेक्षा असा टवका अधिक खरा दिसतो, कारण त्याला कडा असते. बोट फिरवले तर ती लागते.

इथवर झाली कारागिरी. समीक्षेचा प्रश्न पुढचा आहे. सारख्याच कौशल्याच्या दोन रंगाऱ्यांपैकी एकाचे शिरस्त्राण जिवंत वाटते आणि दुसऱ्याचे मेलेले, ते कशामुळे?

नवशिक्याची चूक ओळखायला सोपी असते. त्याला चंदेरी रंगाचा मोह आवरत नाही. गुलालाचे शिंतोडे उडावेत तसे तो टवके सगळीकडे सारखे उडवतो. प्रत्येक खाचेत काळा रंग भरतो. परिणामी शिरस्त्राण जुने दिसण्याऐवजी देवीचे व्रण आल्यासारखे दिसते. खरी झीज अशी समन्यायी नसते. वस्तू जिथे धरली जाते, जिथे टेकते, जिथे दाराच्या चौकटीला घासते, तिथेच ती झिजते. धूळ खोलगट भागात साचते आणि उंचवट्यावरून पुसली जाते. गंजाचा ओघळ खालीच येतो. ज्याने रोज दोन्ही हातांनी शिरस्त्राण काढले असेल, त्याच्या कानाजवळच्या कडा गुळगुळीत व्हायलाच हव्यात. ओरखड्याला कारण लागते. कथेतल्या पात्राच्या वागण्याला लागते तसेच, आणि तितकेच. 'हे इथे का?' या प्रश्नाला ज्या टवक्यापाशी उत्तर नाही, तो टवका म्हणजे निबंधातले अकारण विशेषण.

दुसरी चूक जाणत्यांची आहे, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. हौशी मंडळींनी मूळ शिरस्त्राणाच्या असंख्य छायाचित्रांवरून एकेका ओरखड्याचा नकाशा केला आहे. थरागणिक कापलेले कागदी छाप असतात. ते चिकटवायचे, रंग मारायचा, काढायचे. कुठलाही ओरखडा सुटत नाही, सरकत नाही. तरी हे काम पुष्कळदा निर्जीव उतरते. हाताला ओरखड्याचा आकार कळलेला असतो, पण वेग कळलेला नसतो. जॉन्स्टन यांनी तो टवका एका फटक्यात काढला असेल, तर त्याचीच रेघ दोन तास गिरवणाऱ्याच्या हातात वेगळी होते. सही गिरवणाऱ्याची सही पकडली जाते ती याचमुळे. अक्षर जुळते, पण हात अडखळलेला दिसतो.

मात्र यावरून 'मनाला येईल तसे रंगवा' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. स्वतःच्या कल्पनेने ओरखडे काढणारा दुसरेच एक शिरस्त्राण बनवत असतो. ते चांगले असेल, पण ते बोबा फेटचे नसेल. निष्ठा हा या छंदाचा धर्म आहे आणि ती कष्टसाध्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की निष्ठा कशाशी, हे रंगाऱ्याने ठरवले पाहिजे. छायाचित्राशी निष्ठा ठेवणारा वस्तूची प्रत काढतो. कारणाशी निष्ठा ठेवणारा आधी वस्तू वाचतो आणि मग तीच पुन्हा लिहितो. उत्तम रंगारी दोन्ही करतात. छाप चिकटवतात, मग तो काढून बाजूला ठेवतात, आणि शेवटचे ओरखडे श्वास रोखून एका फटक्यात मारतात.

डार्थ व्हेडरच्या मुखवट्याचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. ब्रायन मुइर या शिल्पकाराने तो मातीत हाताने घडवला. हाताने घडवलेला असल्यामुळे त्याची डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळत नाही. शिवाय १९७७ च्या चित्रपटातला तो मुखवटा एकरंगी नाही. त्याच्या काही भागांना काळा आणि काही भागांना बंदुकीच्या पोलादासारखा करडा रंग आहे. पडद्यावर आपल्याला सगळे काळेच भासते, पण गाल, नाक आणि कपाळ यांचे उठाव प्रकाशात ठसतात. ज्यांनी नुसत्या आठवणीवर मुखवटा काळाकुळकुळीत रंगवला, त्यांना आपल्या कामात कसली उणीव आहे हे पुष्कळ दिवस उमगत नाही. पुढे २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'साठी तोच मुखवटा दोन्ही बाजूंनी सारखा करून घेण्यात आला. कथेच्या दृष्टीने हे योग्यच होते, कारण त्या चित्रपटात मुखवटा नवाकोरा आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर जुना मुखवटा आपल्याकडे रोखून पाहतो आणि नवा नुसता समोर असतो. आज संगणकावर अर्धा चेहरा घडवून उरलेला आरशासारखा उलटवणे हा एका कळीचा खेळ झाला आहे. त्या सोयीने प्रतिकृतीतून पहिली गोष्ट नाहीशी होते ती मुइर यांच्या अंगठ्याची.

आता सर्वांत अवघड प्रश्न. प्रतिकृती नेमक्या कोणत्या काळाची करायची? मूळ शिरस्त्राणावर झिजेचे तीन थर असतात. पहिला रंगवलेला, म्हणजे कथेतला. दुसरा चित्रीकरणाचा, नट पडला, पेटीत आदळले, घाईत पुन्हा रंग मारला. तिसरा खऱ्या काळाचा. पंचेचाळीस वर्षांत प्लॅस्टिक पिवळे पडले, रंग तडकला. पहिल्या चित्रपटातल्या सैनिकांची बरीचशी शिरस्त्राणे पॉलिथिलीनची होती आणि त्यांवर वरून पांढरा रंग मारलेला होता. पॉलिथिलीन रंग धरून ठेवत नाही. त्यामुळे आज उरलेल्या काहींचे पोपडे निघालेले आहेत. १९९७ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयात या चित्रपटांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले, तेव्हा हौशी मंडळींनी काचेला नाक लावून छायाचित्रे काढली. पण त्या काचेआड होती ती वीस वर्षे म्हातारी झालेली वस्तू. ती जशी दिसते तशी रंगवावी, की १९७७ साली कॅमेऱ्यापुढे दिसली तशी?

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका परका नाही. दिवाळीत आपल्याकडची मुले अंगणात मातीचे किल्ले करतात. एक मुलगा बुरूज अभंग करतो, तटावर मावळे उभे करतो, महाराजांना सिंहासनावर बसवतो. दुसरा वडिलांबरोबर गड पाहून आलेला असतो. तो तटाला खिंडार पाडतो, दरवाज्याची कमान अर्धी ठेवतो. दोघेही रायगडच करत असतात. पहिल्याचा रायगड शिवकालातला, दुसऱ्याचा परवाच्या रविवारचा. बक्षीस बहुधा पहिल्याला मिळते. दोन्ही किल्ले चुकीचे नाहीत. चुकीचा असेल तर तो तिसऱ्या मुलाचा, ज्याने सिंहासनही ठेवले आणि शेजारी पडकी कमानही, कारण दोन्ही 'छान दिसतात'. काळाची ही सरमिसळ शिरस्त्राणांत वारंवार दिसते. कथेतला ओरखडा आणि संग्रहालयातली तडक एकाच रंगाने रंगवलेली असते.

शिवाय 'मूळ' हे एकच असते असा जो आपला समज आहे, तोही इथे टिकत नाही. बोबा फेटची शिरस्त्राणे अनेक झाली, आणि १९८० मधले व १९८३ मधले यांचे रंगकाम सारखे नाही. जाणते रंगारी आधी विचारतात, कुठल्या साली? सैनिकांच्या शिरस्त्राणांचा प्रवास तर आणखी गुंतागुंतीचा. मॅक्वारी यांची चित्रे, त्यावरून मातीचा नमुना, त्यावरून अँड्र्यू एन्सवर्थ यांनी इंग्लंडमध्ये प्लॅस्टिकमध्ये काढलेले नग. एन्सवर्थ यांनी २००४ साली पुन्हा तशी शिरस्त्राणे विकायला काढली, तेव्हा लुकास यांच्या कंपनीने दावा लावला. तो थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे प्रश्न उभा राहिला तो एखाद्या साहित्य संमेलनात शोभावा असा. शिरस्त्राण हे शिल्प आहे काय? २७ जुलै २०११ रोजी निकाल लागला, की नाही; ती चित्रपट बनवण्याच्या कामातली उपयोगाची वस्तू आहे, चित्रपट ही कलाकृती आहे. त्यामुळे शिल्पाला मिळणारे दीर्घकाळचे संरक्षण तिला ब्रिटनमध्ये मिळाले नाही. अमेरिकेतल्या हक्कांचा प्रश्न मात्र तिथल्या कायद्याने ब्रिटिश न्यायालयातही चालवता येईल, असेही त्याच निकालात ठरले.

कायद्याच्या दृष्टीने निर्णय योग्य असेल. कलेच्या दृष्टीने तो एक मजेदार कोडे मागे ठेवतो. जी वस्तू मुळात कलाकृती नाही असे ठरले, तिची नक्कल मात्र कुणी तीन महिने खपून, ओरखड्या-ओरखड्याचा विचार करून केली, तर ती कलाकृती होते काय? मला वाटते, कधीकधी होते. चित्रपटासाठी ते शिरस्त्राण घाईत झाले होते. कॅमेऱ्याला पुरेसे दिसले की काम संपत होते. हौशी रंगाऱ्याला कॅमेऱ्याची सवलत नाही. त्याची वस्तू हातभर अंतरावरून, भर उजेडात, सर्व बाजूंनी पाहिली जाणार असते.

छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९७ साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी '५०१ वे लीजन' ही संघटना सुरू केली. खलपक्षाचे वेष करणाऱ्यांची ही संघटना आता जगभर पसरली आहे. रुग्णालयांतल्या मुलांना भेटणे, मदतनिधी गोळा करणे अशी कामे तिचे सभासद वेष घालून करतात. ते स्तुत्यच. पण सभासद होण्यासाठी वेष नियमावलीत बसावा लागतो. कुठला रंग, किती रेघा, हे ठरलेले असते. यामुळे दर्जा राहिला हे खरे, आणि रंगारी ओरखड्याऐवजी परीक्षकाकडे पाहू लागला हेही खरे. परीक्षकासाठी लिहिलेल्या कवितेचे जे होते, तेच मग शिरस्त्राणाचे होते.

आणखी एक अस्वस्थता आहे. हे पांढरे सैनिक म्हणजे एका जुलमी साम्राज्याचे शिपाई. त्यांचे नावच पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तुकड्यांवरून आलेले. ज्या शिरस्त्राणाचा हेतूच माणसाचा चेहरा पुसण्याचा, ते इतक्या मायेने रंगवावे हे विपरीत नव्हे काय? याचे उत्तर रंगाऱ्याच्या टेबलावर मिळते. पहिल्या चित्रपटातल्या शिरस्त्राणांवरच्या निळ्या बारीक रेघा हाताने काढलेल्या होत्या. त्यामुळे दोन सैनिक नीट निरखले तर सारखे नाहीत. हौशी रंगारी नेमका हाच फरक हुडकतो. साम्राज्याने एकसारखे केलेल्या गर्दीत तो एकेक शिपाई ओळखू लागतो. हे सैनिकांचे उदात्तीकरण म्हणता येणार नाही.

आता आरंभीच्या शब्दाकडे येतो. ज्यांच्या घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी, त्यांना नक्कल आणि निष्ठा यांतला फरक शिकवावा लागत नाही. दुकानात कानडीत ऐकलेले घरी मराठीत सांगताना शब्दाला शब्द ठेवला तर अर्थ निसटतो, आणि अर्थ फार मोकळा सोडला तर बोलणाऱ्याचा माणूस निसटतो. गोव्यात कोकणीशी, बडोद्यात गुजरातीशी, इंदुरात हिंदीशी हाच व्यवहार रोज चालतो. आपण सगळेच छाप चिकटवून आणि काढून रंगवत असतो.

पण या छंदातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला क्षण वेगळाच आहे. रंगवून पूर्ण झालेले शिरस्त्राण काचेच्या कपाटात गेले तर ते तसेच राहते. वापरले गेले तर मात्र मुलांच्या हातून निसटते, मोटारीच्या टपाला लागते, घामाने आतून ओलसर होते. मग एखाद्या दिवशी रंगवलेल्या ओरखड्यांच्या मध्ये एक खरा ओरखडा दिसतो. तो नकाशात नसतो. जॉन्स्टन यांनी तो काढलेला नसतो. काही रंगारी लगेच लांबीचा डबा उघडतात. काही जण तो तसाच राहू देतात. माझ्या मते दुसऱ्यांना आपल्या कामाचे मर्म कळलेले असते. तिथून पुढे त्या प्रतिकृतीला स्वतःचे पूर्वायुष्य असते, आणि तिच्याकडे बोट दाखवून नक्कल म्हणणाऱ्याला जरा थांबून पाहावे लागते.

आपल्या मराठीवरही शेजारच्या भाषांचे असे पुष्कळ ओरखडे आहेत. ते बुजवण्याची घाई कुणी करू नये.